गाव : माऊर

एक जून.
मीच टाकलेत, निदान आठशे पोरांना.
साखर पेठेतल्या शाळेत एकतीस वर्षं कारकून.
आई पोराचा दंड धरून टेबलासमोर उभी.
जन्म कधीचा?
"दसऱ्याच्या मागंपुढं ओ, गिरणीचा संप चालू होता बघा, तेव्हा—"
मी लिहायचो एक जून
आणि ओरडायचो, पुढचा.

पेन्शन सुरू झाल्यावर पणजोबा शोधायला निघालो,
तर माझ्यासारखाच कुणीतरी
माझ्याआधी तिथं बसून गेलेला.

सन एकोणीसशे सव्वीस. दाखल-खारीज रजिस्टर,
खालची कड वाळवीनं खाल्लेली.
व्यंकटी, म्हणजे माझे आजोबा.
बापाचे नाव राजय्या, मयत. कधी, कशानं, ते नाही.
आडनावाच्या जागी तेलंगी. आम्ही कुरापाटी.
जन्म एक जून. (हसू आलं. मग थांबलं.)
आणणार : आई, नागव्वा. अंगठा,
निळीचा हात असावा, कडेला वेगळाच डाग.
गाव : माऊर.
सगळं मोडीत. करजगीकर मास्तरांनी भिंग धरून वाचलं,
पैसे नको म्हणाले, एक चादर नेली,
तीही दुसऱ्या दिवशी बदलून, चौकडा मोठा पाहिजे म्हणून.

माऊर. तीन वर्षं.
माहूरला जाऊन आलो, देवीचं दर्शन झालं, तेवढंच.
करीमनगर, वरंगल, निजामाच्या नकाशात
म-वरून सुरू होणारी सगळी खेडी बोटाखालून घातली.
हैदराबादच्या दफ्तरात उर्दू वाचणारा पोरगा म्हणाला,
चाचा, असं गावच नाही.
बायको म्हणाली, नसेल तर नसेल,
आपण काय आभाळातून पडलो?
मी म्हटलं, कागदावर तसंच दिसतंय.

मग मागच्या मार्गशीर्षात, जोडबसवण्णा चौकापाशी,
विडी कारखान्याच्या पायरीवर
दोघी म्हाताऱ्या भांडत होत्या, अंबाडीत चिंच घालतात का यावरून.
एक म्हणाली, "मा ऊर्ल अट्ल चेय्यरु."
आमच्या गावात तसं करत नाहीत.

मा ऊर.
आमचं गाव.

सायकल तशीच धरून उभा राहिलो.
मागून रिक्षावाला भोंगा वाजवतोय, वाजवतोय.
घरी आम्ही तेलुगूच बोलतो.
आईला शेवटपर्यंत मराठीत नीट भांडता आलं नाही.
पण कागद मराठी, म्हणून मीही मराठीतच वाचत राहिलो.
आणि मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत.

गाव? त्यानं विचारलं असणार, मान वर न करता.
"मा ऊरु..." तिनं सुरुवात केली.
तेवढं त्यानं लिहून घेतलं.
पुढचा.
मला माहीत आहे. तसंच ओरडतात.

परत रजिस्टर. आता व्यंकटी सोडून
त्याच्या आजूबाजूची पोरं वाचली.
त्याच आठवड्यात आणखी चौघं माऊरची,
एकत्रच आली असणार, एकाच गाडीतून, एकाच चाळीत.
पाचवा मल्लेशम, आणणार मामा.
गाव : माऊर चिंता.

या मामानं बहुतेक टेबल सोडलं नाही लवकर.
चिंता म्हणजे आमच्यात चिंच.
चिंतकुंटा असेल, चिंचेपाशी तळं,
किंवा चिंतपल्ली, किंवा चिंतगुडेम.
नकाशात मिळून अकरा निघाली.
आधी एकही नव्हतं, आता अकरा, बायको म्हणाली,
आणि डबा कितव्या तारखेला लागेल ते विचारलं.

नागव्वाचा फोटो नाही. भांडं नाही, दागिना नाही.
तिच्या तोंडचे दोन शब्द आहेत,
ते ज्याला कळले नाहीत
त्याच्या अक्षरात.

परवा एक मुलगी आली, आईचा दाखला घेऊन.
जन्म एक जून. अक्षर माझं.
आईला आता खरा दिवस हवाय, म्हणाली, आजी तर गेली,
तुम्हाला काही आठवतं?
बस म्हटलं.
दाखला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
तुझी आजी सांगत होती, म्हटलं, काहीतरी,
बरंच काही सांगत होती.
मागं रांग होती.